आधी तुमची पोर तोला!

समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, आता अनुभव जमा होतील. जमले ते किस्से! आणि त्यातल्या निम्म्यांत हसं झालंय ते माझंच.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची आणि त्यांच्या मुलांची पाहणी करायची, ही माझी नोकरी. सोबत माझी आठ महिन्यांची लेक, नंदा. त्यात सासूबाईंचं पत्र आलेलं : ‘पोर वाळत चालली आहे. महिनाअखेरीस वजन कळव. भरलं नाही तर नोकरी सोड.’ पत्राची गोष्ट साऱ्या कामावर झालेली. वजनकाटा माझ्याच पिशवीत होता, पण नंदाला त्यात घालायची छाती होत नव्हती!

•

फॉर्मवर एक प्रश्न होता : ‘गेल्या आठवड्यात आनंद कशात वाटला?’

खडी फोडणारी हौसाबाई म्हणाली, "आत्ता! तुमी इचारताय तवर बसाय मिळतंय."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीसाठी ही रांग! हौसाबाई पुन्हा हजर. "त्येच इचारा बाई, पन जरा सावकाश!"

•

पुस्तकात लिहिलं होतं, बाळाला घड्याळ बघून पाजावं. मी बघत होते. आठवड्याभरात बायकाही बघायला लागल्या. मी नंदाला घेऊन बसले, की सगळ्या हातोड्या खाली आणि पोरं पदराखाली!

मुकादम हात जोडून आला. "बाई, पोरगी रडंल तवा पाजा. घड्याळावर पाजू नका, काम बंद पडतंय!"

•

एकदा नगरहून आमचे साहेब आले. मला म्हणाले, "तुम्ही फार गुंतता. कार्यकर्त्यानं लोकांपासून थोडं अंतर ठेवावं."

अर्ध्या तासानं पाहते तर काय! साहेब ताडपत्रीखालच्या पाळणाघरात पाय पसरून बसलेले. मुलं सांभाळणाऱ्या सखूबाई त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला रुईचं पान बांधतायत, आणि साहेब त्यांना सुनेची कागाळी सांगतायत!

मी अंतर ठेवून उभी राहिले.

•

‘आईनं काळजी करू नये, ती मुलाला कळते’ यावर मी बायकांपुढे अर्धा तास बोलले. मध्ये तीनदा उठून झोपलेल्या नंदाचा श्वास बघून आले.

हौसाबाई म्हणाली, "लई ब्येस सांगितलं बाई. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

•

आणि महिनाअखेर आली. लिंबाच्या फांदीला काटा टांगला, खाली कापडाची झोळी अडकवली. पण एक बाई मूल देईल तर शपथ!

"लेकरू तोलायचं म्हंजी? घोडेगावच्या बाजारातलं कोकरू हाय का काय?"

मी नजर लागत नाही वगैरे सांगू लागले, तर मागून हौसाबाई ओरडली, "मग आधी तुमची पोर तोला!"

मी नंदाला आणखी घट्ट धरलं. सखूबाईंनी नंदाला माझ्याकडून घेतलं, झोळी नीट केली, तिला आत बसवलं. मी डोळेच मिटले.

उघडले तर काटा पुस्तकातल्या आकड्याच्याही पुढे! मी रडले, हसले, फॉर्मवर आकडा लिहिला. बायका आपापली मुलं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

मी नंदाला उचललं. काटा शून्यावर येईना. झोळी चाचपली, तर तळाशी फडक्यात गुंडाळलेला मुठीएवढा दगड!

"सखूबाई!"

त्यांनी तो शांतपणे काढला आणि खडीच्या ढिगावर टाकला.

"एवढाच माझा. बाकी समदी पोर तुमचीच हाय. लिव्हा सासूला!"