उसनी दिलेली माणसं

“तुझा नेरूळचा पेशंट ऑफ झाला रे सकाळी. तू ड्युटी सोडून जाऊ नको, उगाच टेन्शन नको घेऊ.” पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या आमच्या एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन एवढाच. मी ऐरोलीच्या एका घरी आजींना पेज भरवत होतो. माणूस गेला, तर ऑफ झाला... पंखा बंद झाल्यासारखं. ज्यांना मी तीन वर्षं अंघोळ घातली, दाढी केली, उठवलं-बसवलं, त्या सरांसाठी हा शब्द. शेवटी-शेवटी नर्स लागेल म्हणून एजन्सीने मला त्यांच्याकडून काढून ऐरोलीला दिलं होतं. मनात एकच आलं, सरांना खांदा द्यायचा. नोकरी जाईल ही भीती होतीच, माझा स्वभावच घाबरा. आजींच्या सुनेला चाचरत विचारलं. “दुपारच्या औषधाच्या आत या,” म्हणाल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही. कपडे न बदलता, अंगावरच्या निळ्या युनिफॉर्मवर स्टेशन गाठलं.

मी वाशिमकडचा, आठवीत शाळा सुटलेला. सर कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले, पक्षाघाताने डावी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत. पहिल्याच दुपारी त्यांना वाढून मी माझं ताट घेऊन किचनमध्ये सिलेंडरजवळ खाली बसलो, तर बाहेरून हाक आली, “गजाननराव, कुठे गेलात?” मला राव म्हणणारा आयुष्यातला हा पहिला माणूस. म्हटलं, “इथं बरा आहे जी सर.” तर म्हणाले, “तुम्ही बरे असाल हो, मी नाही. मला समोर कोणी नसलं की जेवण जात नाही.” तेव्हापासून रोज टेबलावर. मी खुर्चीच्या कडेवर टेकायचो, तर म्हणायचे, “पूर्ण बसा. पडलात तर तुम्हाला उचलायला मी कुठला माणूस आणू?”

हे एजन्सीला कळलं. मीनाताई म्हणजे सरांची मुलगी. त्यांना सुपरवायझरचा फोन आला, त्यांचे हात कणकेत म्हणून त्यांनी तो स्पीकरवर ठेवला. “मॅडम, त्याला टेबलावर नका बसवू. सवय बिघडते, मग दुसऱ्या घरी प्रॉब्लेम होतो. आणि तोंडावर कौतुक पण करू नका, डोक्यावर बसतात ही लोकं.” मी तिथेच सरांच्या पायाला तेल लावत होतो. मान वर करायची हिंमत झाली नाही. ताईंनी कणकेच्याच बोटाने फोन बंद केला. सर म्हणाले, “शंभर वर्षं झाली, बोलणं तेच आहे. ओकारी येते मला.”

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्या महायुद्धाची ती गोष्ट सांगितली. पुढे कितीतरी वेळा सांगितली, दर वेळी तितकेच चिडून. फ्रान्सची माणसं मरून मरून संपत आली होती. अमेरिका मदतीला उतरली, पण अमेरिकेच्या सेनापतीला आपली फौज फ्रेंचांच्या हाताखाली द्यायची नव्हती. दिल्या त्या फक्त काळ्या पलटणी. सर म्हणायचे, “वाटीभर साखर शेजारी द्यावी ना, तशी माणसं उसनी दिली. स्वतःला नकोच होती.” डोक्यावर फ्रेंच हेल्मेट, हातात फ्रेंच बंदूक, अंगात कपडे अमेरिकेचे. महिनोन्‌महिने खंदकात लढले. फ्रेंच त्यांना आपल्या सैनिकांसारखं वागवायला लागले, पदकंही दिली. तर अमेरिकी छावणीच्या सांगण्यावरून फ्रेंच अधिकाऱ्यांना सूचना गेली, की यांच्यासोबत जेवू नका, कामापुरतं बोला, गोऱ्या अमेरिकनांसमोर यांचं फार कौतुक करू नका. इथे आले की सरांचा चांगला हात टेबलावर आपटायचा. आणि युद्ध जिंकल्यावर पॅरिसात विजयाचं संचलन निघालं, त्यात अमेरिकेने आपल्या या माणसांना घेतलंच नाही.

मी म्हटलं, “फ्रेंच लोक मग चांगले म्हणायचे जी.”

“चांगले कसले? आफ्रिकेतून स्वतःच्या गुलामीतली माणसं आणून तीही मारलीच की त्यांनी. गरज होती म्हणून गोड बोलले.”

“पण जेवायला तर सोबत बसवलं ना सर.”

सर भाताचं भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाले, “घ्या. आपण जेवू.”

...नेरूळला पोचलो तेव्हा खाली तिरडी बांधणं चाललं होतं. वर घर भरलेलं. मीनाताई आत बायकांमध्ये होत्या, त्यांच्यापर्यंत जाताच आलं नाही. माझा निळा शर्ट बघून कुणीतरी हातात ट्रे दिला, “पाणी फिरव रे जरा.” फिरवलं. मग धीर करून सरांच्या भाच्यांना विचारलं, “साहेब, मी खांदा दिला तर चालेल का?” ते म्हणाले, “घरचे पुष्कळ आहेत रे. तू ग्लास उचल.” आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले, हात जोडून. “एक रिक्वेस्ट आहे. सातव्या मजल्यावर वास्तुशांत आहे आज, पाहुणे येतायत. मेन लिफ्टऐवजी मागच्या लिफ्टने घेतलं तर...” मागची लिफ्ट म्हणजे कचऱ्याची, गॅसवाल्यांची, आम्हा कामवाल्यांची. मला वाटलं, कुणीतरी बोलेल. ज्यांच्या पोरांना सरांनी याच घरात बसवून फुकट शिकवलं, ते चार बाप तिथेच होते. एकजण मोबाइल बघायला लागला. दुसरा म्हणाला, “बरोबर आहे, लहान मुलं असतात.” शिसारी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मागच्या लिफ्टचं दार उघडलं. फरशीवर ओल, कुजक्या भाजीचा वास. सरांना आडवं न्यायला जागाच नव्हती, उभंच धरावं लागणार होतं. घरचे पुष्कळ होते, पण आत कुणी पाय टाकेना. शेवटी भाचे माझ्याकडे वळले, “तूच घे बाबा. तुला सवय आहे.”

मी सरांना घेतलं. डावीकडून, नेहमीसारखं, एक हात कमरेला, एक छातीवर. दार बंद झालं आणि उचलताना रोज म्हणायचो तेच तोंडातून निघालं, “सोडू नका मला जी सर.” त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं. जो खांदा मला कुणी देऊ देत नव्हतं, तो मला मिळाला होता, आणि ज्या कारणाने मिळाला त्याचा इतका संताप, की रडायलाही आलं नाही. खाली दार उघडलं. स्वच्छ कपड्यातले हात पुढे झाले, “दे आता.” दिले. पुढे सगळं त्यांनी केलं. मी औषधाच्या वेळेला ऐरोलीत परत हजर होतो.

इथल्या बिल्डिंगलाही मागची लिफ्ट आहे. मी तिनेच जातो-येतो. आत शिरलो की भिंतीला चिकटून उभा राहतो, उजवीकडे एका माणसाची जागा ठेवून. कुणी तिथे कचऱ्याचा डबा सरकवला, तर पायाने बाजूला करतो.