तोच निरोप दोनदा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? शालनकाकीला सांगायची छाती नाही, म्हणून.

आमच्या बंदरावर होड्यांचे निरोप आणणारा प्रोग्राम मी लिहिलाय, सी भाषेत. समुद्रातून निरोप आला की साठवायचा, रेंज मिळाली की मच्छीमार सोसायटीच्या खोलीतल्या स्क्रीनवर पाठवायचा. त्या स्क्रीनसमोर शालनकाकी बसायची. काय बाई! मासळी विकून यायची, हात धुवायची आणि प्रत्येक निरोप वेळेसकट वहीत उतरवायची. ज्याचा निरोप त्याला सांगून, त्याच्या तोंडून परत वदवून घेई — मगच टिक. ती खुर्ची तिला जिवापाड प्यारी होती.

आणि मी? मी वापरलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, निरोप देते तो स्वतःच्या जागेत ठेवून. पुढचा आला की तीच जागा पुन्हा वापरते. म्हणून आधी आपली नक्कल काढून ठेवायची. हे मी वाचलं होतं. तरी नुसता जागेचा पत्ता साठवला — दोन निरोप एकदम कशाला येतायत!

आले. बाबल्याच्या होडीवरून 'इंजिन बंद, ओढूक येवा', आणि पाठोपाठ दुसऱ्या होडीचा 'बांगडो गावलो, बरफ धाडा'. दुसरा पहिल्याच्याच जागेवर बसला — पत्ते दोन, निरोप एकच. बाबल्या आणि त्याचे तिघे सोबती दिवसभर भरकटत राहिले. संध्याकाळी कुणा तिसऱ्याच होडीने त्यांना ओढून आणलं.

सोसायटीच्या सभेत बाबल्या शालनकाकीवर भडकला. काकीने शांतपणे वही उघडली. "माका बरफाचोच निरोप दोनदा इलो." त्या दोन सारख्या ओळी बघताक्षणी माझी चूक मला कळली. आणि तरी मी — मी म्हणालो, "मशीन चुकत नाही. काकीचंच वाचताना चुकलं असेल."

खुर्ची गेली तिची. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम गुपचूप दुरुस्त केला. आता नक्कल झाल्याशिवाय निरोप पुढे जात नाही, पोच आल्याशिवाय पुसला जात नाही. ही रीत तिचीच. लोक कौतुक माझं करतात.

काकीने मग वेंगुर्ल्याच्या बाजारातून तयार चष्मा आणला. जाळं विणताना मात्र तो कपाळावर सरकवते, कारण त्यातून तिला धूसर दिसतं. परवा मासे देताना म्हणाली, "तुझ्या मशीनान बरा केल्यान रे. नायतर माझे डोळे कमी झाले ता माका कळला नसता."

मी बांगडे घेतले आणि घरी आलो.