जुलाबवाल्या डॉक्टरीणबाई

माणसाच्या पोटात काय चाललंय हे त्या पोटाच्या मालकाआधी ओळखणारी बाई सबंध पालघर जिल्ह्यात एकच होती, आणि ती दोन वर्षं मुरबे गावात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. एवढी शिकलेली, पण वयाने माझ्या लेकीएवढी, म्हणून मी आपली तिला 'ती'च म्हणते. गावाने तिचं नाव ठेवलं जुलाबवाल्या डॉक्टरीणबाई. औषध मात्र ती कोणाला देत नसे. उलट्या-जुलाबांचा विषाणू कोणत्या घरातून निघाला, कोणाच्या हातून कोणत्या घरात गेला, याचा माग काढायचा, एवढंच तिचं काम. आपण भेटल्यावर 'बरं आहे ना' विचारतो, ही विचारायची, "परवा दुपारी काय खाल्लंत?" आणि नुसतं 'भात' म्हणून सुटका नाही. तो कोणी वाढला, वाढणारीने हात धुतले होते का, साबण होता का, इथपर्यंत जायची. माझी मोठी जाऊ एकदा कावून म्हणाली, "बाय, माजा नवरा पन एवडं इचारीत नाय." बाईने तेही वहीत उतरवून घेतलं असावं, असा मला संशय आहे.

कुठे उलट्या लागल्याचं कळलं की तिचा चेहरा उजळायचा. मग स्वतःचीच लाज वाटून "अरेरे, वाईट झालं" म्हणायची, पण तोवर चपला पायात गेलेल्या असायच्या. लोकांकडून मिळालेल्या नमुन्यांच्या डब्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ती पालघरला तपासणीला न्यायची. आमच्या बाया मासळी नेतात तसंच ते खोकं. टमटममध्ये एकदा बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार तिला म्हणाला, "दीदी, पापलेट कैसे दिया?" ही शांतपणे म्हणाली, "भैया, पापलेट नहीं, दस्त है." पुढच्याच नाक्यावर टमटम रिकामी झाली. रात्री जेवताना मला सांगून सांगून हसत होती. माझा घास मात्र हातातच राहिला.

अशा बाईशी मी खोटं बोलले.

झालं असं, वैशाखात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मांडवात पाहुण्यांना ताडगोळे द्यायचे ठरले, तीन गोणी. आमच्या आळीत ताडगोळा सोलावा तर मी. साल अशी उतरवते की आतल्या पाण्याचा थेंब सांडत नाही. सकाळपासून बसून सगळे मी एकटीने सोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून आळीतले निम्मे लोक आडवे. नवरी तर माहेरी परत जाते म्हणून रडायला लागली. डोंगराकडच्या पाड्यावरची सखू आमच्याकडे प्रत्येक लग्नात भांडी घासायला यायची. कोणीतरी म्हणालं, "तिच्याच हातानं झालं." झालं. सखूला निरोप गेला, आता येऊ नको.

बाईने सखूची तपासणी केली, काही निघालं नाही. मग ती घरोघर सांगत फिरली, "सखूकडून नाही झालं हो!" माझा दीर म्हणाला, "मग कोनाकडून झालं ता सांगा." ते काही तिला सांगता येईना. विहिरीचं पाणी झालं, ताक झालं, बर्फ झाला. शेवटी वही घेऊन माझ्यासमोर बसली. "मावशी, लग्नाच्या आधी तुमचं पोट बिघडलं होतं का?"

बिघडलं होतं. दोन दिवस आधी दिवसभर मी तांब्या घेऊन धावत होते. पण नवऱ्यामुलाची काकी मी, आळीत मान असलेली. म्हटलं, "माजं? नाय गं बाय, मी दगड पचवते." तिने तीनदा विचारलं, वेगवेगळ्या दिवशी. मी तीनदा दगडच पचवले. त्या लग्नाच्या कागदावर 'कारण समजले नाही' असं लिहून तिने फाईल बांधली. पुढे तिची बदली झाली. जाताना मी सुके बोंबील बांधून दिले, तेव्हाही बोलले नाही.

पुढच्या हंगामात दुसऱ्या लग्नात भांडी घासायला नवीनच बाई आलेली बघितली आणि मला काही गोड लागेना. डॉक्टरीणबाईला फोन लावला, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता तोडून बोलणार. तर पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "मावशी, आधी उलटी की आधी जुलाब?" मी सांगितलं. "सुरुवात किती वाजता?" तेही सांगितलं. सगळं लिहून घेतल्यावर म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्ही असणार."

"मंग बोलली का नाय गं तेवा?"

"नुसत्या वाटण्यावरून कोणाचं नाव घेऊ? सखूचं तेच तर केलं ना आळीने."

मी आळीत सगळ्यांसमोर सांगितलं. थोडे हसले, थोडे उठून कामाला लागले. मग मी पाड्यावर गेले. सखूने बसायला गोणपाट टाकलं, ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हटलं, "माजी चूक हाय. ये गं परत." म्हणाली, "नको आई, आता बोईसरला जाते कामाला. बरं हाय." रागाने नाही म्हणाली, हसूनच म्हणाली. उन्हात मला रस्त्यापर्यंत सोडायलाही आली.

बाईचा अधूनमधून फोन येतो. माझं पोट कसं आहे ते विचारते, आता मी खरं सांगते. आणि दर वेळी, फोन ठेवायच्या आधी, हळूच विचारते, "सखू आली का हो परत?"