रोवणीच्या तोंडावरचा सिनेमा

नवऱ्याशी फारकत होऊन दोन वर्षं झाली होती. आषाढात तो माझ्या माहेरी आला आणि मला नि वहिनीला गोंदियाला सिनेमाला घेऊन गेला. संसारात ज्यानं कधी बाजारही दाखवला नाही, तो माणूस! माझा संशय काही जाईना.

पडद्यावर काडीमोड झालेलं जोडपं भांडत-हसत पुन्हा एक झालं. बायांच्या रांगेत माझ्या शेजारी वहिनी डोळे पुसत होती.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चाल घरी. आपणही तसंच करू."

"आत्ताच काऊन?"

तो गडबडला. "यंदा धानाच्या रोवणीला बाया भेटून नाही राहिल्या."

"रोवणी झाल्यावर या," मी म्हटलं.

तो आला. धान कापणीला आलं तेव्हा. हातात माझाच जुना विळा होता, धार लावून आणलेला.