मिस्त्रींचा चहा आणि आमची भिंत

मिस्त्रींना मी फारसं ओळखत नव्हतो. त्यांचं घरही कधी पाहिलं नाही. आमच्या न्हाणीघराचा गिलावा दोनदा गळून पडला, तेव्हा ते आले. सिमेंट-वाळूत त्यांनी पॉलिमरचं दुधासारखं द्रावण कालवलं. दोन दिवसांनी येऊन पाहतात तर आमची ही सवयीनं भिंतीवर पाणी मारतेय!

“वहिनी, तांब्या ठेवा खाली! साध्या सिमेंटला पाणी लागतं, पण यात पॉलिमर आहे; हा गिलावा आता सुकला, तरच भिंतीला घट्ट धरेल.”

“आणि पुन्हा पडला तर?”

“तर या घरचा चहा मला बंद!”

चहाचं त्यांना भारी वेड. पण गिलावा टिकला. मिस्त्री अधूनमधून येत, आधी भिंत ठोकून बघत आणि मगच बसत. शेवटचे आले, तेव्हा मी विचारलं, “साखर किती?”

“दोन चमचे. भिंत ठणठणीत आहे.”