कंच्या हातान मारला?

धामणकर नाक्यामागच्या कापड कारखान्यात हौसा सुताच्या कांड्या भरायची. लूमच्या धडधडाटात तोंडाला काम नव्हतं, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. बोटं ओठाला म्हणजे चहा, उजवा हात वर म्हणजे लूम बंद कर. बोलायची हौस ती जेवणाच्या सुट्टीत फेडून घेई, ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत.

त्या दिवशी सकाळीच रघू आणि भावेश या दोन कारागिरांची जुंपली होती, अगदी गचांडी धरेपर्यंत. दुपारी हौसाने मान वर केली तेव्हा भावेशचा हात वर होता आणि पापणी लवते न लवते तोच रघू कोसळला. कानशील फुटून रक्ताची धार लागली होती. लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा, लोखंडी टोकांचा धोटा त्याच्या शेजारी पडला होता.

रघू जागीच गेला. त्याचा भाऊ हिरामण माणसं घेऊन आला, त्यांनी भावेशला केसाला धरून हौसापुढे आणलं.

"मावशी, कंच्या हातान मारला यानी?"

"उजव्या," हौसा म्हणाली.

तो हात त्यांनी लूमवर आडवा धरला आणि पान्याने ठेचला. बंद कारखान्यात हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "मी न्हाय मारला!" भावेश किंचाळत होता. हौसाला कीव आली नाही, उलट चीड आली. तिला आता लख्ख दिसत होतं, त्याने धोटा उचलला, नेम धरला, फेकला. पोलिसांना तिने तेच सांगितलं, शेजारणींनाही, आणि दर वेळी भावेशचा नेम अधिकच पक्का होत गेला.

पुढे कारखाना सुरू झाला. एका लूमवर धोटा अडखळताना दिसला आणि हौसाचा उजवा हात आपसूक वर गेला. कारागिराने लूम थांबवला. हौसाचा हात मात्र खाली येईना. भावेशचा पंजा असाच उघडा होता. रिकामा. धोटा लूममधूनच उडाला होता, मेला भावेश तर रघूला वाचवत होता!

ती तडक वळ गावात हिरामणच्या घरी गेली. ऐकून त्याने तिचं मनगट पिरगळलं.

"मंग तवा खोटं का बोललीस?"

"खोटं न्हाय रं. तू हात इचारलास, मी हात सांगितला. काय झालं, ह्ये कोनी इचारलंच न्हाय."

सुजल्या मनगटाने ती चौकीत गेली. तिच्या जबाबावरून पकडलेला भावेश अजून तुरुंगातच होता. साहेबांनी कागद पुढे ओढला.

"बोला बाई. भावेशने धोटा मारला, तेव्हा तुम्ही किती लांब होता?"

हौसाने उजवा हात वर केला.

"थांबा सायेब. आधी इचारा, मारला का."