आत्यांची कापडाची कार्डं

मुरबाडपासून शहापूरपर्यंतच्या मुलखात अंगावरचे कपडे सांभाळून पाऊल टाकावं असं घर एकच आहे, आणि ते आमचं आहे. कारण आमच्याकडे माझ्या नवऱ्याच्या आत्या राहतात. त्यांचा उभा जन्म टोकावड्याकडच्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात गेला. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं तर म्हणतात, वेळ झाला नाही. निवृत्त झाल्यावर त्या मुरबाडला आमच्याकडे आल्या आणि येताना शुभेच्छापत्रं करण्याचा नाद घेऊन आल्या. याला छंद म्हणणं म्हणजे महापुराला ओल म्हणण्यासारखं आहे.

कार्ड म्हणजे जाड कागदाची घडी, तिच्या दर्शनी भागात कापलेली एक चौकोनी खिडकी आणि खिडकीच्या मागून ताणून चिकटवलेलं कापड. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, कारण बाजारच्या गोंदाचे कापडावर डाग उठतात. इथवर कोणाचं काही बिघडत नाही. पण आत्यांचा नियम असा की कापड कोरं चालत नाही. ते कोणीतरी वापरलेलं पाहिजे, आणि शुभेच्छा ज्याच्याकडून जायच्या त्याच्याच अंगावरचं पाहिजे. "कागद काय, कुणाचाबी असतो. कापडाला माणूस असतो," असं त्या म्हणतात आणि मग आपली नजर हळूहळू आपल्या पदराकडे वळते.

परवानगी मागण्याची पद्धत त्यांनी फार पूर्वीच सोडून दिली आहे. एकदा आमच्या ह्यांच्या नव्या निळ्या शर्टाचा खालचा कोपरा गायब झाला. ऑफिसात कोणीतरी दाखवून दिल्यावर कळलं. घरी येऊन त्यांनी बराच आवाज केला, तेव्हा आत्यांनी शांतपणे सांगितलं की जो भाग पँटीत खोचायचा तो बघायला कोण येतंय. चार दिवसांनी ह्यांच्या आजारी असलेल्या जुन्या गुरुजींचा फोन आला. निळ्या खिडकीचं कार्ड त्यांना मिळालं होतं आणि ते त्यांनी उशाशी ठेवून घेतलं होतं. त्या दिवसापासून आमचे हे तो शर्ट खोचूनच घालतात आणि विषय काढत नाहीत.

वाढदिवस, दिवाळी असल्या ठरलेल्या निमित्तांवर आत्यांचा विश्वास नाही. शेजारणीचा गुडघा पंधरा दिवस दुखला नाही म्हणून कार्ड. समोरच्यांच्या बोअरला पाणी लागलं म्हणून कार्ड. एसटीचे एक कंडक्टर निवृत्त झाले, तर आत्यांनी त्यांच्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोला फितवून, त्याच्या खाकी पँटीचा तुकडा मिळवला. माझ्या माहेरी माझ्या प्रत्येक साडीचा नमुना पोचलेला आहे. आई म्हणते, तुझ्या साड्या मला तुझ्याआधी कळतात.

असं एकच माणूस होतं ज्याला आत्यांचं कार्ड जात नव्हतं, आणि ते म्हणजे त्यांची खर्डीची थोरली बहीण, माई. माईंना साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा आत्यांच्या मनात आलं की शुभेच्छा आपल्या नव्हे, आईच्या जायला हव्यात. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, पण तिचं हिरवं नऊवारी लुगडं माईंच्याच ट्रंकेत होतं. आत्या दोन दिवस खर्डीला राहून आल्या आणि आठवड्याने पोस्टाने कार्ड पाठवलं. माईंनी ते उघडलं, कापड ओळखलं, आनंदाने डोळ्यांना लावलं. मग त्या उठून ट्रंकेकडे गेल्या. पदराला चार बोटांचं भोक होतं.

सहा वर्षं दोघी बोलल्या नाहीत. आत्या दर वर्षी माईंसाठी कार्ड करायला बसत आणि खिडकी कापून थांबत. कुठलंही कापड लावलं तरी ती विचारणार, हे कोणाचं फाडलंस. गेल्या वर्षी माई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ते कळल्यापासून आत्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका सकाळी भाजी निवडताना मला म्हणाल्या, "ती तशीच गेली तर गो? मला कोण माफ करील मग?" दुपारी त्यांनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. पोस्टाने आलं तर माई घरात घेणार नाही, तू स्वतः नेऊन दे, असं सांगितलं.

शहापूरला गाडी बदलून मी खर्डीला गेले. माई खाटेवर बसल्या होत्या. पाकिटावरचं अक्षर पाहून त्यांनी आधी माझी साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत तपासली. मग कार्ड काढलं. खिडकी रिकामी होती. माईंनी तिच्यातून बोट आरपार घातलं.

"ह्यात कापड कुठं हाय?"

"नाही लावलं. त्या म्हणाल्या, तिला सांग, ह्या वेळी मी कोणाचं कापलं नाय."

माई बराच वेळ ते कार्ड उलटसुलट करत राहिल्या. चहा झाला, मी निघायला उठले, तेव्हा म्हणाल्या, "तिला म्हणावं, कात्री घेऊन ये. भोक हायच, त्याच्या बाजूचं थोडं घेऊ. आता ते नेसायचंय कुणाला."

हे ऐकल्यावर आत्यांनी दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी पकडली. चार दिवसांनी परत आल्या. मी विचारलं, केवढं कापलंत? आत्या पायरीवर बसून चपला काढत होत्या.

"कापलं नाय गो. तिनं लुगडं पुढ्यात ठेवलं, कात्री माझ्या हातात दिली, पण हात चालंना. मग म्हटलं, माई, ठेवू परत. दोघींनी टोकं धरली आणि घडी घातली." चपला भिंतीशी सरकवून त्या म्हणाल्या, "नऊवार म्हणजे केवढं असतं. आख्खी दुपार गेली."